घरात थंडी कुणाला वाजते?

नाही, तुम्हीच सांगा मला, माणसाला थंडी वाजते हा काय गुन्हा आहे का? चोरी केली मी? कुणाची खोड काढली? थंडी वाजते, एवढंच! पण आमच्या घरात ते असं सांगतात की जसा काही घराण्याला बट्टा लागलाय... पाहुणा दारात चप्पल काढतोय तोवर आईचं सुरू, "याच्याकडे लक्ष देऊ नका हो, याला थंडी वाजते." म्हणजे कुणाला दमा असतो, कुणाला मुतखडा असतो, तशी मला थंडी. पाहुणा पण मग हळहळतो, विचारतो, "लहानपणापासून का?" आणि आई म्हणते, "पहिल्यापासूनच. मोठ्याचं तसं नाही हं, मोठा अगदी ठणठणीत." अहो, डोक्यावरचे केस गेले माझे, स्वतःचं दुकान आहे, गल्लीत लोक मला शेठ म्हणतात, पण घरात माझी ओळख एकच. घरात थंडी कुणाला वाजते? मला.

आता यात माझा दोष किती आणि घराचा किती, हे कुणी बघतच नाही. आमचं घर वडिलांनी बांधलं ते भर उन्हाळ्यात. माणूस घामाने निथळत उभा राहून गवंड्याला सांगतोय, त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? छत उंच घ्या, भिंतीत वर झरोके ठेवा, खिडकीसमोर खिडकी ठेवा, दगडी फरशी घाला, दारं जमिनीपासून बोटभर वर बसवा, खालून हवा आली पाहिजे! आली ना. अजून येते ना. बारा महिने येते. उन्हाळाभर सगळे म्हणतात, काय घर बांधलंय, व्वा. आणि थंडीत मी एकटा त्या फरशीवर टाचांवर चालत वडिलांची आठवण काढतो, ती जरा वेगळ्या सुरात. खिडकी लावायला गेलो की आई म्हणते, "राहू दे उघडी, हवा खेळती पाहिजे." हवा खेळते आणि मी शिंकतो, असं आमचं चाललंय.

आणि धंदा कसला, तर पंखेदुरुस्तीचा. छताचे, टेबलाचे, भिंतीवरचे, कसलेही आणा, मी गुंडाळी नव्याने भरून देतो. पण थंडीत पंखा कोण आणतंय? समोर एवढी मोठी इमारत झालीय की दुकानात ऊन शिरत नाही, मी लोखंडी स्टुलावर बसून बारीक तांब्याची तार गुंडाळतोय, हातमोजे घातले तर तार हाताला लागत नाही, काढले तर बोटं आहेत की नाहीत ते कळत नाही... असं दिवसभर बसून घरी यावं, तर घरी ती खेळती हवा.

बरं, जगात थंडी काय आम्हालाच आहे? माझा साडू डोंगरात राहतो, त्यांच्याकडे थंडीत घरातली एकच खोली तापवतात आणि सगळं घरदार तिथे. जेवण तिथे, झोप तिथे, भांडण पण तिथेच, कारण रुसून दुसऱ्या खोलीत गेलं तर माणूस गारठून आपणच परत येतो, त्यामुळे त्यांच्यात रुसवे टिकत नाहीत. मावशी समुद्राकाठी राहते, तिच्याकडे थंडी असं म्हणण्यासारखं काही नसतंच, पण जरा वारा सुटला की कानात कापूस घालते आणि गावभर सांगत सुटते की यंदा फार कडाका आहे हो. तिला कुणी हसत नाही! म्हणजे जो तो आपल्या थंडीचं काहीतरी करतो. आम्ही काय करतो? आम्ही उन्हाळ्याची वाट बघतो. आणि तोपर्यंत मला हसतो.

याच्या मुळाशी कोण आहे माहितीये? दादा. माझा सख्खा मोठा भाऊ. दादा तिकडे बर्फात राहतो. तरुणपणी गेला, तिकडचाच झाला, आणि तेव्हापासून माझ्या आयुष्यातली थंडी त्याच्या थंडीशी मोजली जायला लागली. त्याचा फोन यायचा, तोंड दिसणारा फोन हो, आणि हा बनियनवर उभा! मागे काचेची खिडकी, खिडकीबाहेर कंबरभर बर्फ, झाडं पांढरीफटक, आणि हा हातात सरबताचा ग्लास घेऊन, "काय रे, उणे पंचवीस आहे आज इथे! तुमच्याकडे किती? अधिक बारा? अरे, अधिक बाराला आम्ही खिडक्या उघडतो!" की आई फोन माझ्या तोंडासमोर धरणार, "बघ. बघ जरा. आणि तू?" मी काय सांगू? माझ्या अंगात दोन स्वेटर.

पुढे पुढे काय व्हायला लागलं, फोन वाजला की मी आधी कानटोपी काढायचो आणि मग फोन घ्यायचो. लाज हो, दुसरं काय. त्या कानटोपीची पण गोष्ट ऐका, कारण पुढे ती लागणार आहे. आम्ही शाळेत असताना आईने दोघांसाठी लोकर आणली, तपकिरी. दादा म्हणाला, "मला नको. मला नाही वाजत थंडी." तेव्हापासूनचा तो रुबाब! मग आईने ती दोघांची लोकर एकाच टोपीत घातली, दुहेरी विणली. पुढे मान वाढली, डोकं वाढलं, पण लोकर अशी दमदार की टोपी ताणून ताणून अजून बसते, कानांवरून हनुवटीपर्यंत येते. ती घातली की बाहेरचं काही ऐकू येत नाही, बायको बोलते तेही नाही, म्हणून तर ती जास्तच चिडते. माझ्या मालकीची जगात एक गोष्ट, तर ती टोपी.

आणि दादाच्या बोलण्यापायी मी ती टोपी सोडायला निघालो, सांगतो काय! दोन वर्षांपूर्वी म्हटलं, आपणही सवय लावून घ्यायची, तोही आपल्याच आईचा मुलगा आहे, त्याच्या अंगात असेल ते आपल्या अंगात का नसावं? गार पाण्याने आंघोळ सुरू केली. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि माझ्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून शेजारच्यांनी दार वाजवलं. तरी सोडलं नाही. दातावर दात आपटत, "दादा बर्फात राहतो, दादा बर्फात राहतो," असं म्हणत आंघोळ करायचो. छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, कुणी सांगितलं होतं हे करायला? आता त्यांना काय सांगणार की उणे पंचवीसमधून एक माणूस बनियनवर सांगतो...

तर गेल्या थंडीत दादा येणार असं ठरलं. एकटाच, वहिनी तिकडेच राहणार. किती वर्षांनी येत होता! घरात एकच काळजी. कसली? त्याला उकडेल याची! आई म्हणाली, "तो बर्फातला माणूस, त्याला इथे घामाच्या धारा लागतील, गारव्याची खोली द्या." म्हणून कोपऱ्यातली खोली काढली, जिथे ऊन कधी पोचलेलं नाही. रजई उचलून ठेवली, तिच्याकडे बघूनच उकडेल म्हणे, पातळ चादर घातली. आणि मी काय करावं? भाऊ येतोय, आणि आपली कला तीच. दुकानातला सगळ्यात दांडगा पंखा काढला, नव्याने तार भरली, वंगण दिलं, पाती पुसून लखलखीत केली आणि त्याच्या पलंगाच्या बरोबर वर टांगला. असा फिरायचा, असा फिरायचा की चादर उडायची. आईने डोळ्याला पदर लावला, म्हणाली, "भावासाठी केलंस हो."

दादा आला. मी त्याला घ्यायला गेलो ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, टोपी घरी ठेवून. त्याला वाटायला नको ना, की अजून तसाच आहे! घरी आला, चप्पल काढली, फरशीवर पाय ठेवला... आणि मी बघितलं हो, तेव्हाच बघितलं, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. आई म्हणाली, "उकडतंय ना रे?" तर म्हणाला, "नाही, नाही, ठीक आहे." आईने खोलीत नेलं, पंख्याचं बटण पाचावर फिरवलं आणि म्हणाली, "तुझ्या भावाने खास बसवलाय." आता एवढ्या प्रेमाने बसवलेला पंखा, तो बंद कसा करणार? आणि माझ्यासमोर? इतकी वर्षं बनियनवर उभं राहून बोललेला माणूस! आईने दार लोटून घेतलं.

सकाळी ही चहा घेऊन गेली ती तशीच परत आली, कप हातात. म्हणाली, "अहो, दादा खोलीत नाहीत." मी गेलो. पलंग रिकामा. चादर नाही, गादी उलटलेली, खिडकीला पडदा नाही. वर पंखा भणाणतोय. म्हटलं, गेला कुठे? तेवढ्यात कपाट आणि भिंतीच्या मधल्या सांदीत काहीतरी हललं. पडदा! पडद्याच्या आत चादर, चादरीच्या आत कोट, कोटाच्या आत बॅगेतले होते नव्हते तेवढे सगळे कपडे एकावर एक, आणि त्या सगळ्याच्या आत आमचा उणे पंचवीस! ओठ जांभळे. मी पंखा बंद केला, म्हटलं, "दादा, काय झालं?" तर दात वाजवत म्हणतो काय, "का... काही नाही. प्रवासाचा शीण."

आता इथे मला वाटलं, झालं, आता माझे दिवस फिरले. इतक्या वर्षांनी कुणाला तरी थंडी वाजली! आता आई म्हणणार, मोठ्याला पण वाजते म्हणजे खरंच थंडी आहे, उगाच माझ्या धाकट्याला बोलले. मी दारात उभा राहून वाट बघतोय हो त्या वाक्याची. आई आली, तिने दादाला बघितलं, कपाळावर हात मारला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "असा काय बघत उभा राहिलास! रजई आण! त्याला सवय नाही रे थंडीची!"

सवय नाही! बर्फातल्या माणसाला! सवय नाही! मी म्हटलं, "आई, तो उणे पंचवीसमध्ये..." तर म्हणाली, "वाद घालू नकोस, तुझी टोपी दे आधी." आणि माझ्या डोळ्यांदेखत, दुहेरी लोकरीची, तपकिरी, हनुवटीपर्यंतची... त्याच्या डोक्यावर गेली. त्याने डोळे मिटले, म्हणाला, "हं." मी त्या 'हं'ला फार चांगला ओळखतो.

त्याच दिवशी वहिनींचा फोन आला, आणि तिथे सगळा उलगडा झाला. मी म्हटलं, वहिनी, दादाला थंडी वाजतेय. त्या म्हणाल्या, "वाजणारच हो भावोजी! त्यांना थंडी कुठे सहन होते? इथे घरात भिंती गरम, फरशीखालून गरम पाणी फिरतं, टॉवेलचा दांडा गरम, गाडी घरातच उभी, तिची सीट गरम, ऑफिसच्या तळघरात गाडी लावायची आणि वर जायचं, तेही गरम. ते बर्फात पाय कधी घालतात? बर्फ काढायला माणूस येतो." मी म्हटलं, वहिनी, आणि ते बनियन? "अहो, घरात उकडतं ना!"

तुम्हाला सांगतो, मी खाली बसलो. गार फरशीवरच बसलो. म्हणजे काय झालं लक्षात येतंय का? त्यांची थंडी बाहेर राहते, काचेपलीकडे, आणि आमची थंडी घरात राहते, आमच्याबरोबर जेवते. या माणसाला इतक्या वर्षांत एकदाही थंडी वाजलेली नाही! एकदाही! आणि मी कुणाशी तुलना करून घेत होतो? कुणाला लाजून टोपी काढत होतो? मी त्या माणसाच्या नावाने गार पाण्याने आंघोळ केली हो! मी खोलीत गेलो, म्हटलं, "दादा, तू मला फसवलंस." टोपीतून म्हणाला, "काय?" ऐकू येत नाही ना. मी टोपीची एक बाजू वर केली आणि परत म्हटलं, "फसवलंस. तू थंडीत कधी राहिलाच नाहीस." तर म्हणाला, "मी कुठे म्हटलं, मला थंडी वाजत नाही? मी फक्त आकडा सांगत होतो." आणि बाजू खाली ओढून घेतली.

मग काय, घर बदललं! जे घर माझ्या शिंकांनी तसूभर हललं नाही, ते दादाच्या एका शिंकेने पालथं झालं. ही स्टुलावर चढून झरोक्यांत वर्तमानपत्रं कोंबतेय, आई दारांच्या फटीला जुनी पांघरुणं लावतेय, फरशीवर सतरंजी, तिच्यावर दुसरी सतरंजी. खिडक्या बंद! मी म्हटलं, आई, हवा खेळती नको का? म्हणाली, "हवेचं काय घेऊन बसलास, पोराला बघ." आणि मला म्हणाली, "तू एवढा पंखेवाला, काहीतरी गरम बनव." मी बनवलं. माझ्या या हातांनी टेबलपंख्याच्या सांगाड्यात तापणारी तार बसवली, मागून पातं, पुढून गरम वारा. उभ्या आयुष्यात स्वतःसाठी सुचलं नाही हो मला! सुचलं असतं तरी काय, घरात हसले असते.

पण खरं सांगू? ते दिवस फार चांगले गेले. त्या खोलीत अशी ऊब असायची... मी दुकान लवकर बंद करून यायचो आणि, "दादा, जरा वायर तपासतो," असं म्हणून आत शिरायचो. तासभर वायर तपासायचो. तो रजईत, मी यंत्रापुढे हात पसरून. मग आई यायची, ही यायची, सगळे त्याच खोलीत, साडूच्या घरासारखे. दादा लहानपणीच्या गोष्टी काढायचा. एकदा म्हणाला, "तुला इथे इतकी थंडी वाजत असेल असं मला कधी वाटलंच नाही रे." आई समोर बसली होती, मी म्हटलं, ऐकलंस का? ती म्हणाली, "बोलू नकोस मध्ये, त्याला धाप लागते." तरी मला बरं वाटलं. एकाने तरी म्हटलं.

निघायच्या दिवशी बॅग भरताना दादाने टोपी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "ही मी नेऊ का?" मी म्हटलं, तिकडे तुला कशाला, तुझा तर टॉवेलसुद्धा गरम आहे! तर म्हणाला, "आईच्या हातची आहे. आणि यात अर्धी लोकर माझी आहे." अर्धी लोकर! नको म्हणाला होता तो! मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ने रे बाळा. याचं काय, हा इथेच आहे." झालं, गेली टोपी. आता मी डोक्याला टॉवेल बांधतो, आणि टॉवेल मध्येच सुटतो.

आणि तो गाडीत बसला, गाडी वळणावर गेली नाही तोवर आई म्हणाली, "काढा ती वर्तमानपत्रं, कोंदट झालंय घर." झरोके उघडले, पांघरुणं निघाली, सतरंज्या गुंडाळल्या. मी यंत्राला हात लावला तर म्हणाली, "ते नीट बांधून माळ्यावर ठेव, दादा आला की लागेल." मी म्हटलं, आई, मी इथेच राहतो. म्हणाली, "मग?"

परवा त्याचा फोन आला. बनियनवर. मागे बर्फ. आणि भिंतीवर, काचेच्या चौकटीत, माझी टोपी! शोभेची! मी गिळून टाकलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "दादा, परत कधी येतोस? ये ना रे. लवकर ये." आईचे डोळे भरून आले, हिला म्हणाली, "बघ, भावाची किती माया." माया कसली, मला ते यंत्र माळ्यावरून काढायचं होतं! तर दादा म्हणाला, "येईन, पण आता उन्हाळ्यात येईन. तुमच्याकडच्या थंडीत मी नाही येणार बाबा, ती तुम्हीच काढू जाणे." आई लगेच म्हणाली, "नकोच येऊस थंडीत, तुझ्याच्याने नाही सोसायचं."

काल घरी पाहुणे आले होते. मी टॉवेल बांधून कोपऱ्यात बसलोय, दात वाजतायत, आणि वाट बघतोय, की आता आई बोट दाखवेल, आता म्हणेल. निदान तेवढं तरी! आईने भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "माझ्या मोठ्याला फार थंडी वाजते हो, फार हाल होतात त्याचे." पाहुणे हळहळले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि यांना?" आई म्हणाली, "त्याला काय होतंय? त्याला सवय आहे."